जागे राहण्याचा पगार

कोकणात कुठल्याही मोठ्या गावात गेलात तर ग्रामदेवतेच्या देवळाजवळ, ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा पतसंस्थेच्या इमारतीमागे पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली एक पांढरी गाडी बहुधा दिसतेच. तिच्या एका बाजूला कुणाच्या तरी स्मरणार्थ अशी ओळ असते, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचे किंवा निधी देणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव असते आणि मागच्या दारावर दोन-तीन मोबाइल क्रमांक रंगवलेले असतात. ही गाडी आणण्यासाठी गावाने किती खटपट केलेली असते, हे मी जवळून पाहिले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून राजापूर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात मंडळाच्या रुग्णवाहिकेचा हिशोब मी ठेवते. मागच्या दारावरच्या त्या क्रमांकांवर फोन लागल्यानंतर जो माणूस उठून येतो, त्याला पगार द्यावा की त्याने ही सेवा आजवर केली तशी विनामूल्यच करावी, हा प्रश्न गेले काही महिने आमच्या मंडळात धुमसतो आहे. चालकाला आणि रुग्णाशेजारी बसणाऱ्याला पगार द्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ते कसे झाले, हे इथे सविस्तर लिहिते, कारण पगाराच्या बाजूने सहसा जी कारणे सांगितली जातात ती मला पुरेशी वाटत नाहीत.

स्वयंसेवक कमी पडले म्हणून पगारी माणसे नेमा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. संकटात कोकणातला माणूस कमी पडत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पाण्याने आणि दरडींनी वाटा अडल्या होत्या, बाहेरची मदत पोहोचायला वेळ लागत होता, आणि तोवर जे हात चालले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते. त्यांना कुणी नेमले नव्हते. मात्र महापूर किंवा दरड ही वर्षानुवर्षांतून एकदा येणारी गोष्ट असते आणि तिच्या वेळी सारा गाव एकदम जागा होतो. रुग्णवाहिकेचे काम तसे नसते. आडवारी रात्री एखाद्या म्हातारीला दम लागतो, एखाद्या बाईला आठव्या महिन्यात कळा सुरू होतात, सड्यावरून उशिरा परतणाऱ्या माणसाच्या पायाला फुरसे चावते. अशा वेळी गाव जागा होत नाही; एकाच घरात दिवा लागतो आणि एकाच माणसाचा फोन वाजतो. तो माणूस त्या रात्री गावात असेल, त्याच्या फोनला रेंज असेल, तो शुद्धीत आणि धडधाकट असेल, एवढ्या सगळ्या गोष्टी जुळून येण्यावर तो रुग्ण अवलंबून असतो.

सरकारची १०८ सेवा आहे, मग गावाच्या गाडीची गरज काय, असा प्रश्न शहरातले नातेवाईक नेहमी विचारतात. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या. त्यांच्यावर डॉक्टर असतो, ही मोठीच गोष्ट आहे, आणि या सेवेने असंख्य जीव वाचवले आहेत यात मला शंका नाही. पण २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येला त्या संख्येने भागले तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसे येतात. मुंबईच्या उपनगरात एवढी माणसे चालत फिरता येईल इतक्या जागेत राहतात. कोकणात एवढ्या वस्तीचा जवळजवळ एक अख्खा तालुका होतो, मध्ये दोन-तीन खाड्या आणि वळणावळणाचे घाट असतात, आणि गाव म्हणजे एकमेकींपासून लांब पसरलेल्या दहा-बारा वाड्या. १०८ ला केलेला फोन पुण्याच्या नियंत्रण केंद्रात जातो. तिथल्या प्रशिक्षित माणसाला ‘गुरववाडीच्या वरच्या पाखाडीला, फणसाच्या खालचे घर’ हा पत्ता कळावा, अशी अपेक्षा आपण करू शकत नाही. त्यामुळे १०८ ची गाडी निघाली तरी तिच्यापर्यंत किंवा आरोग्य केंद्रापर्यंत रुग्णाला पोहोचवणारी गावाची गाडी लागतेच. तिथून पुढे रत्नागिरी गाठायची की पाऊस कमी असेल तर अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठायचे, आणि सिंधुदुर्गातल्या लोकांच्या बाबतीत थेट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचे का, हे निर्णय त्यानंतरचे.

आता आमच्या चालकांकडे येते. गाडीच्या छपराखाली भिंतीवर एक कागद डकवलेला आहे. त्यावर गाडी चालवायला तयार असलेल्यांची नावे आणि नंबर आहेत. पूर्वी तो कागद भरलेला असे. आता त्यातल्या पुष्कळ नावांवर रेघ आहे. कुणी बोरिवलीला गेला, कुणी आखातात, एकाला मधुमेहामुळे रात्री नीट दिसत नाही. उरलेल्यांचेही एक वार्षिक चक्र आहे, आणि हिशोबाच्या वहीत डिझेलच्या तारखा पाहिल्या की ते लख्ख दिसते. मार्च ते मे आंब्याचा हंगाम. ज्याला रात्रीची गाडी सफाईने चालवता येते, त्याला त्या तीन महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला जाण्याचे काम मिळते आणि वर्षाची अर्धी कमाई त्यातच होते. जूनच्या मध्यापासून लावणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून खलाशी मुले मोकळी असतात, पण ऑगस्टमध्ये तीही समुद्रावर जातात. गणपतीत आणि शिमग्यात महामार्गावर वाहनांची रांग लागते, अपघात वाढतात आणि नेमके त्याच दिवशी प्रत्येक चालकाच्या घरी पाहुणे असतात, पालखी दारात यायची असते.

आमच्या यादीतला सर्वांत भरवशाचा मुलगा माझा जुना विद्यार्थी आहे. मागच्या हंगामात तो एका रात्री मिळाला नाही, आणि रुग्णाच्या मुलाने त्याला दुसऱ्या दिवशी चारचौघांत बोल लावले. तो माझ्याकडे आला तेव्हा रागावलेला नव्हता, खचलेला होता. “बाई, गाडी घेऊन जायला मी कधी नाही म्हटलंय का? पण वाशीची एक फेरी सोडली तर घरी काय सांगू? आणि फेरीला गेलो, तर मागे कुणाचं काही झालं म्हणजे ते माझ्या डोक्यावर.” त्याच्या या बोलण्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या माणसाला आपण काहीच देत नाही, त्याच्यावर एका जिवाची पूर्ण जबाबदारी टाकतो आणि तो नसला की त्याला जाबही विचारतो, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही. जाब विचारायचा असेल तर आधी त्या माणसाशी रीतसर करार हवा, आणि कराराला मोबदला हवा.

माणसेच कमी होत चालली आहेत, हेही नजरेआड करून चालणार नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१०० हून अधिक स्त्रिया होत्या. याचा अर्थ गावोगावच्या घरांना कळतोच: कर्ता पुरुष मुंबईत आणि घरात म्हातारी माणसे, बायका, मुले. स्वयंसेवकांची जी फळी आपण गृहीत धरतो ती मुळात विशी-तिशीतल्या पुरुषांची, आणि आपल्याकडे तीच सर्वांत विरळ आहे. रुग्णाशेजारी बसण्यासाठी आणि गाडी चालवण्यासाठीही गावातल्या मुली का नकोत, हा प्रश्न मी मंडळात मांडला तेव्हा लगेच हरकत आली की रात्री-अपरात्री पोरीला कोण पाठवील. हरकत खरी आहे. पण नेमणुकीचे पत्र, ठरलेली पाळी, सोबतीला दुसरा नेमलेला माणूस आणि महिन्याचा पगार असेल तर तिच्या घरचे विचार तरी करतील. ‘सेवा म्हणून ये’ असे म्हटले तर तेही करणार नाहीत.

ऑक्सिजनच्या सिलिंडरविषयी मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण माझे मत बदलायला सर्वांत जास्त तोच कारणीभूत आहे. गाडीतल्या लहान सिलिंडरची तोटी उघडायला एक चावी लागते. ती सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असायला हवी. सिलिंडर भरलेला आहे की नाही हे तोटी उघडून काट्यावर पाहावे लागते. बाहेरून हात लावून कळत नाही. खारी हवा आमच्या गावात लोखंडाला वर्षभरही टिकू देत नाही. स्ट्रेचरची चाके, मागच्या दाराची कडी, तोटीचा आटा, सगळ्यावर गंज चढतो आणि दर आठवड्याला तेल दिले नाही तर ऐनवेळी अडते. पावसाळ्यात चार-पाच दिवस गाडी सुरू केली नाही तर बॅटरी उतरते. यातले एकही काम कठीण नाही. पण ते रोजचे आहे, कुणाच्या कौतुकाचे नाही, आणि ते कुणा एकाचे नाही. रात्री धावून जायला आमच्या गावात आजही माणसे तयार होतील. दर सोमवारी सकाळी जाऊन काटा पाहणारा, चावी जागेवर आहे का बघणारा आणि वहीत तशी नोंद करणारा माणूस वर्गणीतून आणि भक्तिभावातून मिळत नाही. तो नेमावा लागतो.

पगाराच्या विरोधात जो मुद्दा मंडळात वारंवार येतो, तो म्हणजे पैसे आले की आपुलकी जाते. आमच्याच कोकणातले एक उदाहरण मला याचे उत्तर वाटते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने तेव्हा कोकणात माणसे, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत. त्या रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून त्यांनी हृदयावर होणारे परिणाम टिपले, लॅन्सेटसारख्या नियतकालिकात ते मांडले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि जिथे शंभरात चाळीसच्या आसपास रुग्ण जात होते तिथे ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते सरकारी पगारावर काम करणारे वैद्यकीय अधिकारी होते. पगारामुळे त्यांच्या तळमळीत तसूभरही उणे आले नाही. उलट घरच्या चुलीची काळजी मिटल्यामुळेच ते रुग्णापाशी बसू शकले असतील, असे मला वाटते. शाळेत आम्हीही पगारावरच शिकवत होतो, आणि मुलांवर जीव लावणाऱ्या शिक्षकांचा पगार बंद करावा म्हणजे त्यांची माया वाढेल, असे आजवर कुणी सुचवलेले नाही.

उलट, सेवाभावाच्या नावाखाली मोबदला नाकारला की काय होते हे आपण आशाताईंच्या बाबतीत पाहतो आहोत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली तेव्हापासून त्या कागदोपत्री स्वयंसेविका आहेत. बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यापासून लसीकरणापर्यंत आणि कोरोनाच्या काळात घरोघर फिरून तपासणी करण्यापर्यंत सगळे त्यांनी केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण नोकरदाराचे हक्क मागायला गेल्या की त्या स्वयंसेविका ठरतात आणि मोबदल्यासाठी त्यांना पुन्हापुन्हा आंदोलन करावे लागते. आपल्या गावातल्या चालकाशी आपण तसेच वागू नये.

पगार दिला की सगळे सुरळीत होते असेही नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६० च्या दशकात रुग्णांना बहुतेक वेळा पोलिसांच्या गाडीतून नेत. अनेक शहरांत तर अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांच्या गाड्याच रुग्णवाहिकेचे काम करत. पोलिसांना पगार होता, पण रुग्णाचे काय करायचे याचे शिक्षण नव्हते. त्याला मागे झोपवून ते फक्त वेगाने गाडी हाकत. १९६७ साली तिथे फ्रीडम हाउस ही सेवा उभी राहिली. हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर सफर यांच्या देखरेखीखाली सखोल प्रशिक्षण दिले गेले, त्यांना पगार दिला गेला, आणि रुग्णाच्या दारातच उपचार सुरू करणारी अमेरिकेतली ती पहिल्या काही सेवांपैकी एक ठरली. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून ती बंद केली आणि त्या मुलांपैकी बहुतेकांना हळूहळू बाजूला सारले गेले, हे वाचून फार वाईट वाटते. तरीही त्या आठ वर्षांतली एक गोष्ट मला आपल्यासाठी मोलाची वाटते. ज्या वस्तीला कुणी कामाची समजत नव्हते, तिथलीच मुले शिकवून, पगार देऊन उभी केली गेली. कोकणात बारावी होऊन मुंबईच्या गाडीत बसणाऱ्या मुलांपैकी चौघांना जरी आपल्याच गावात प्रतिष्ठेचे, शिकवलेले आणि पगाराचे काम मिळाले तरी ती थांबतील. फुरसे चावलेल्या माणसाच्या पायाला घट्ट आवळून बांधायचे नाही, त्याला चालवायचे नाही, पाय हलू द्यायचा नाही आणि गाडी निघतानाच आरोग्य केंद्रात फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का ते विचारायचे, एवढे कळणारा माणूस शेजारी असला तरी पुष्कळ फरक पडतो.

पैसे कुठून आणायचे, हा मात्र खरा अडसर आहे. खासदार निधीतून रुग्णवाहिका घेता येते, पण तिचा चालू खर्च त्यातून करता येत नाही. देणगीदारांचेही तसेच असते. गाडीवर नाव रंगवता येते. पगारावर येत नाही. आठवड्याचे १६८ तास होतात. गाडीत चालकाचे आणि रुग्णाशेजारच्या माणसाचे अशी दोन आसने. एका माणसाने ४८ तास काम केले तर एका आसनाला साडेतीन माणसे, रजा धरून चार, म्हणजे दोन आसनांना आठ माणसे लागतात. प्रत्येकी महिना १८,००० रुपये धरले तर वर्षाला १७ लाख २८ हजार रुपये झाले. एका गावाला हे झेपणारे नाही, आणि म्हणूनच ‘सगळे पगारी करा’ हे वाक्य बोलायला सोपे आणि करायला अशक्य आहे. पण दिवसा रिक्षा असते, शेजाऱ्याची गाडी असते, आरोग्य केंद्र उघडे असते. रात्री आठ ते सकाळी सहा एवढ्याच वेळेपुरती नेमणूक केली तर दर आसनाला दोघे, म्हणजे चार माणसे पुरतात. महिन्याला ७२,००० रुपये. आजूबाजूच्या चार गावांनी एकच गाडी आणि एकच पथक ठेवले तर प्रत्येकी १८,००० रुपये, आणि तीनशे घरांच्या गावात घरटी महिना ६० रुपये. चार गावांत चार गाड्या छपराखाली गंजत ठेवण्यापेक्षा एक गाडी जागती ठेवावी, यासाठी मी आग्रह धरते आहे. त्यात गावांचा मान आडवा येतो, हे मला ठाऊक आहे. आमची गाडी आमच्या देवळापाशीच हवी, असे म्हणणाऱ्यांची भावना मला कळते, पण रात्रीच्या रुग्णाला ती परवडत नाही.

स्वयंसेवक मग करतील काय, असे विचारले जाते. पुष्कळ काही. ब्रिटनमध्ये समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. हाक आली की कामधंदा सोडून गावचे लोक नावेकडे धावतात. पण तिच्या अनेक केंद्रांवर नावेचे इंजिन सांभाळणारा यांत्रिक पूर्ण वेळ पगारी असतो. आपल्याकडेही तशीच विभागणी जमेल. वरच्या वाडीतून चिऱ्याच्या पायऱ्यांवरून रुग्णाला डोलीत किंवा खुर्चीवर बसवून खाली आणायला चार-सहा माणसे लागतात. ती गावाचीच असणार. रक्तदात्यांची यादी अद्ययावत ठेवणे, रुग्णालयात रात्रभर बसणे, मागे राहिलेल्या म्हातारीला जेवण देणे, गोठ्यातल्या गुरांना चारा घालणे, ही कामे कुठलाही पगारी माणूस करणार नाही आणि करूही नये.

कायद्याची एक बाजू आमच्या मंडळात फारशी कुणाला माहीत नव्हती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे कलम १३४ अ आले, ते अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण देते. पण ते संरक्षण कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता स्वेच्छेने मदत करणाऱ्यासाठी आहे. पगारी माणूस त्या कवचाखाली येईल असे धरून चालता येणार नाही. त्याच्यासाठी विमा, लेखी नेमणूक आणि चूक झाल्यास पाठीशी उभे राहणारे मंडळ, हे सगळे आधी तयार हवे. नाहीतर आपण चार मुलांना पगाराचे आमिष दाखवून अधिक मोठ्या धोक्यात ढकलू.

मे महिन्यात चाकरमानी गावी असताना मंडळाची वार्षिक सभा होते. तिच्यात मी चार गावांच्या एकत्र पथकाचा लेखी प्रस्ताव देणार आहे. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यात पहिले कलम आहे. चारही नेमणुका गावातल्याच माणसांच्या, त्यांतल्या निदान दोन मुलींच्या, आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणाला पाळीवर घ्यायचे नाही, हे दुसरे. मुंबईच्या मंडळाने नवी गाडी देण्याची तयारी दाखवली आहे. ती रक्कम बँकेत ठेवून तिच्या व्याजातून पगाराचा काही भाग द्यावा, अशी विनंती मी त्यांना करणार आहे. आणि पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत झालाच पाहिजे, नाहीतर त्या महिन्याचा हिशोब मी सभेपुढे मंजुरीला ठेवणार नाही, असेही त्यात लिहिले आहे.